रेसिडेंट जेंकिन्स आणि चांद्याचे दप्तर

श्रोतेहो, चंद्रपूर-गडचिरोलीकडे जुन्या काळच्या गोष्टी निघाल्या की काही नावे हमखास तोंडी येतात. चांद्याच्या परकोटाशी ज्याचे नाव जोडले जाते तो खांडक्या बल्लाळशहा, बीरशहाची समाधी उभारणारी राणी हिराई, १८५८ साली फासावर गेलेला मोलमपल्लीचा बाबूराव शेडमाके. शाळेतल्या पोराला विचारा, तोही ही नावे सांगेल. पण रिचर्ड जेंकिन्स हे नाव विचारून पाहा. गावातच काय, तालुक्याच्या ठिकाणीही ते ओळखणारा माणूस विरळाच. आणि तरी १८१८ सालापासून पुढे नऊ वर्षे आपल्या या सगळ्या मुलखाचा कारभार याच माणसाच्या हुकमाने चालला होता.

अठराव्या शतकात विलायतेत जन्मलेला हा माणूस. पुढे तो कंपनी सरकारचा मोठा अंमलदार झाला, तिकडच्या पार्लमेंटचा सभासद झाला आणि लंडन शहरात ईस्ट इंडिया कंपनीच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर जाऊन बसला. आज मी त्याचे चरित्र सांगणार आहे. त्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही, आणि त्याला शिव्या घालून मोकळे होण्यातही फारसा लाभ नाही. त्याच्या आयुष्यातून एक गोष्ट आपल्या कामाची निघते. लिहून ठेवलेल्या गोष्टीला केवढा जोर असतो, आणि जो लिहीत नाही त्याच्या वतीने दुसराच कोणी कसा लिहून जातो, ती ही गोष्ट. गावातल्या मंडळींनी आणि विशेषतः गुरुजींनी ती जरा कान देऊन ऐकावी.

इंग्लंडात श्रॉपशायर म्हणून एक परगणा आहे. त्यात श्रूजबरी नावाचे जुने शहर आहे. त्या शहराजवळच्या क्रक्टन गावी १८ फेब्रुवारी १७८५ रोजी जेंकिन्सचा जन्म झाला. घराणे जमीनजुमला बाळगणारे. त्या काळी अशा घरातल्या मुलाला हिंदुस्थानात नोकरी मिळणे म्हणजे नशीब उघडणे. ही नोकरी मिळण्यासाठी आजच्यासारखी परीक्षा नव्हती. कंपनीच्या एखाद्या डायरेक्टरने नाव सुचवावे आणि पोराने जहाजात बसावे, अशी रीत होती. जेंकिन्स मुंबईस आला तो १८०० साली. तेव्हा त्याचे वय पंधरा. आपल्याकडे या वयाचा मुलगा दहावीच्या वर्गात बसलेला असतो.

त्याच वर्षी कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. हिंदुस्थानात राज्य चालवायचे तर इथल्या भाषा आल्या पाहिजेत, हे कंपनीच्या वरिष्ठांनी ओळखले होते. जेंकिन्सही त्या कॉलेजात शिकला आणि भाषांत तरबेज झाला. ही गोष्ट साधी नाही, बरं का. दरबारातली पत्रे, वकिलांची निवेदने, पाटील-देशमुखांच्या सनदा, सगळे काही त्या काळी फारसीत नाही तर मोडीत. ते ज्याला वाचता येईल त्याला कारभाराच्या आतल्या गोठ्या कळणार.

पहिली परीक्षा लवकरच आली. १८०४ साली दौलतराव शिंद्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट वेब म्हणून होता, तो मरण पावला. रेसिडेंट म्हणजे कंपनीचा वकील. राजाच्या दरबारी राहायचे, बोलणी करायची आणि काय चालले आहे ते वर कळवायचे, हे त्याचे काम. वेबच्या जागी तात्पुरते काम या पोरसवदा जेंकिन्सकडे आले. तेव्हा त्याला विसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. १८०५ च्या जानेवारीत सागरच्या बाजूला शिंद्यांच्या छावणीजवळ असताना त्याचा तळ लुटला गेला, आणि काही महिने त्याला लष्कराबरोबर अडकून पडावे लागले. एखादा असता तर घरची वाट धरता. हा टिकला. अशा प्रसंगातून निभावलेला माणूस म्हणून वरिष्ठांच्या नजरेत भरला, आणि पुढे त्याची नेमणूक नागपूरच्या भोसल्यांकडे झाली. १८१० साली तो नागपूरचा कायम रेसिडेंट झाला.

आता जरा आपल्या मुलखाकडे वळू. चांद्याचे गोंड राज्य १७५१ साली भोसल्यांच्या हाती गेले होते. शेवटचा राजा नीलकंठशहा कैदेत पडला. तेव्हापासून चांदा हा नागपूर राज्याचा एक सुभा. म्हणजे नागपूरला जे घडेल त्याचा धक्का जटपुरा दरवाजापासून थेट इंद्रावतीच्या काठापर्यंत बसणार. त्यात पेंढाऱ्यांच्या धाडी. पिके जळावीत, गुरे न्यावीत, माणसांनी रानात पळून जावे, असे ते दिवस होते.

२२ मार्च १८१६ रोजी दुसरे रघूजी भोसले वारले. मुलगा परसोजी गादीवर आला, पण तो दुबळा होता. त्याचा चुलतभाऊ आप्पासाहेब कारभारी झाला. कारभार हाती टिकावा म्हणून आप्पासाहेबाने त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. हा तह जमवून आणणारा जेंकिन्सच. पुढच्या फेब्रुवारीत परसोजी मेलेला आढळला आणि आप्पासाहेब राजा झाला. पण तहाचा फास गळ्याभोवती आवळू लागला तसे त्याचे मन पेशव्याकडे झुकू लागले. पुण्याकडे दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी लढाई सुरू केली होती. २४ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेबाने पेशव्याकडून आलेला सन्मान उघडपणे स्वीकारला, आणि दोन दिवसांनी सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा सुरू झाल्या.

सीताबर्डीची लढाई २६ तारखेच्या संध्याकाळी सुरू झाली आणि २७ तारखेला संपली. इंग्रजांची फौज थोडी, भोसल्यांची पुष्कळ. जेंकिन्स स्वतः त्या टेकडीवर होता. त्याचा साहाय्यक सॉदबी तिथेच ठार झाला. तरी शेवटी भोसल्यांची फौज मागे हटली. डिसेंबरात नागपूरपाशी आणखी एक लढाई झाली आणि राजधानी इंग्रजांच्या ताब्यात आली. आप्पासाहेबाला काही दिवस गादीवर ठेवले. पण बाजीरावाशी गुप्त पत्रव्यवहार चालू असल्याचा ठपका ठेवून मार्च १८१८ मध्ये जेंकिन्सने त्याला अटक केली.

इथे आपले चांदे कथेत येते. बाजीराव चांद्याच्या रोखाने येत होता. चांद्याचा कोट मजबूत, पलीकडे दाट रान, तिथे आसरा मिळेल असा त्याचा हिशेब. पण १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ इंग्रजांनी त्याला गाठले आणि त्याची फौज उधळली. नंतर कर्नल ॲडम्स तोफा घेऊन चांद्यावर आला. मे महिन्याचे ऊन, इरई आणि झरपट आटलेल्या. तोफांनी तट फोडला आणि २० मे रोजी हल्ला करून शहर घेतले. किल्लेदार गंगासिंग याचा त्या झुंजीत अंत झाला. चांद्याच्या तटाला आजही चार दरवाजे आहेत, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. त्यांतून रोज हजारो माणसे, सायकली, मोटारी जातात-येतात. त्या तटासाठी कोण लढले हे मात्र थोड्यांनाच ठाऊक.

याच दिवसांत आणखी एक नाट्य घडले. अटकेत अलाहाबादेकडे नेत असताना आप्पासाहेब १३ मेच्या सुमारास पहारा चुकवून निसटला आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेला. पुढे तो देशोदेशी फिरला आणि १८४० साली जोधपूरला वारला. गादी मात्र रिकामी झाली होती.

मग जेंकिन्सने काय केले ते नीट ध्यानात ठेवा, कारण त्याचा धागा पुढे लागणार आहे. दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा गुजर हा लहान होता. त्याला भोसले घराण्यात दत्तक देवविले आणि २६ जून १८१८ रोजी तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसविले. वाड्यातली देखरेख दुसऱ्या रघूजींची विधवा बाकाबाई हिच्याकडे. राज्याचा कारभार मात्र राजा मोठा होईपर्यंत रेसिडेंटकडे. झाले! कालपर्यंत दरबारात उभा राहून बोलणी करणारा वकील आज राज्याचा खरा धनी झाला. त्याचे वय तेव्हा तेहेतीस.

एवढा मोठा मुलूख, एका बाजूला वैनगंगा-वर्धा, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड, मध्ये रानच रान. तो एका माणसाने चालवायचा कसा? जेंकिन्सने प्रत्येक सुभ्यावर एकेक इंग्रज सुपरिंटेंडंट नेमला. छत्तीसगडावर ॲग्न्यू होता. चांद्यावर कॅप्टन क्रॉफर्ड आला, तो १८१८ पासून १८३० पर्यंत इथेच राहिला. जेंकिन्सचे या साहेबांना सांगणे असे, की जुनी रीत होता होईतो मोडू नये. सारा ठरवायचा तो पाटलांशी बोलून. दिवाणी तंटे शक्य तिथे पंचायतीकडे द्यावेत. रानातल्या जमीनदारांना त्यांच्या जागी राहू द्यावे, त्यांनी ठरलेली टाकोळी भरावी. आपल्याकडच्या जमीनदाऱ्यांत अहेरीची सर्वांत मोठी. तिथे गोंड जमीनदाराचाच शब्द चाले.

यात शहाणपण होते हे कबूल केले पाहिजे. पेंढाऱ्यांचा उपद्रव संपला, लोक पुन्हा गावी येऊ लागले, नांगर चालू झाले. पण हे शहाणपण कोणासाठी होते? रान शांत राहावे, सारा वेळेवर यावा आणि फौजेचा खर्च निघावा यासाठी. रयत सुखी झाली तर तेही हवेच होते. नाही असे नाही. तरी रयतेने कोणाला निवडले नव्हते आणि रयतेला कोणी विचारलेही नव्हते.

आता मुख्य गोष्ट. जेंकिन्सने सुपरिंटेंडंटांना नुसते सारा गोळा करायला सांगितले नाही, माहिती गोळा करायला सांगितले. तुमच्या सुभ्यात नद्या कोणत्या, पिके कोणती, जाती-जमाती कोणत्या, वजने-मापे काय, पाटलाचे हक्क काय, पूर्वीच्या राजांच्या वेळी सारा कसा होता, न्याय कसा होत असे, हे सगळे लिहून पाठवा. दप्तरे उघडली गेली. म्हाताऱ्या कारकुनांना, पाटलांना, देशपांड्यांना बोलावून विचारण्यात आले. कागदावर कागद चढले. त्या सगळ्यांवरून जेंकिन्सने नागपूरच्या राजाच्या मुलखाचा एक मोठा अहवाल तयार केला. १८२६ साली तो सरकारकडे गेला आणि १८२७ साली कलकत्त्याला छापला गेला.

श्रोतेहो, त्या अहवालाला आज दोनशे वर्षे होत आली. ज्या हातांनी ते कागद लिहिले ते हात कधीच मातीला मिळाले. चांद्याचा सुभा गेला, भोसल्यांचे राज्य गेले, कंपनी गेली, इंग्रजही गेले. अहवाल आहे. त्या काळच्या विदर्भावर ज्याला म्हणून काही लिहायचे असते, त्याला जेंकिन्सचे दार ठोठवावे लागते. पुढे चांद्याचे बंदोबस्ताचे अहवाल झाले, गॅझेटिअरे झाली, त्या सगळ्यांच्या मुळाशी ही पहिली मोठी चौकशी आहे.

पण त्या कागदांत एक उणीव आहे. गोंडांविषयी लिहिले आहे, पण गोंडांनी सांगितलेले फार थोडे. रानाविषयी लिहिले आहे ते रानातून सरकारला काय मिळेल या नजरेने. मोहाची फुले वेचणाऱ्या बाईला त्या झाडाविषयी जे ठाऊक होते, गावच्या भूमियाला शिवेवरच्या देवाविषयी जे ठाऊक होते, बोडीचे पाणी कोणत्या बांधीला आधी द्यायचे याचा जो नेम गावाने बसवला होता, ते कचेरीच्या प्रश्नांत बसत नव्हते. जो प्रश्न विचारतो त्याच्या गरजेपुरतेच उत्तर लिहिले जाते. हा दोष एकट्या जेंकिन्सचा नव्हे, हा दप्तराचा स्वभावच आहे.

१ डिसेंबर १८२६ रोजी राजाशी नवा तह झाला आणि बराचसा मुलूख राजाच्या हाती परत देण्यात आला. चांदा, छत्तीसगड वगैरे भाग मात्र फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांनी आपल्याकडे ठेवले. ते पुढे नवा करार होऊन १८३० च्या सुमारास परत मिळाले. जेंकिन्स तोवर निघून गेला होता. १८२७ साली त्याने नागपूर सोडले. पंधरा वर्षांचा पोर म्हणून आलेला माणूस बेचाळिसाव्या वर्षी परत गेला.

तिकडे गेल्यावर तो स्वस्थ बसला नाही. १८३० साली आपल्या श्रूजबरी शहरातून तो पार्लमेंटवर निवडून आला. एक वर्षाने ती जागा गेली, पण १८३७ साली पुन्हा मिळाली आणि १८४१ पर्यंत टिकली. तो निवृत्त झाल्यावर त्याच शहरातून जो तरुण निवडून आला त्याचे नाव डिझरेली. तो पुढे इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला. मधल्या काळात, १८३२ साली जेंकिन्स कंपनीचा डायरेक्टर झाला आणि १८३९ साली अध्यक्ष. १८३८ साली त्याला सर हा किताब मिळाला होता.

या कंपनीची कचेरी लंडन शहराच्या जुन्या व्यापारी भागात, लेडनहॉल रस्त्यावर होती. तिच्या कारभारी मंडळात चोवीस डायरेक्टर असत. त्यांना निवडून कोण देई? कंपनीत ज्याचे पैसे असतील तो. एक हजार पौंडांचे भाग असले की एक मत, जास्त असले तर जास्त मते, पण चारांच्या वर नाही. म्हणजे पाहा, लंडनच्या एखाद्या सावकाराला चांद्याच्या कारभारात मत होते, आणि मूल-सावलीच्या शेतकऱ्याला नव्हते. पार्लमेंटात श्रूजबरीचे दोन सभासद बसत. अहेरीचा एकही नाही. हिंदुस्थानचा कारभार ज्या सभागृहात ठरत होता तिथे हिंदुस्थानातून निवडून गेलेला कोणीच नव्हता. आज गडचिरोली-चिमूर आणि चंद्रपूर असे दोन लोकसभेचे मतदारसंघ आहेत. तिथे मतदानाला रांगेत उभे राहताना उन्हाचा त्रास होतो खरा. पण त्या रांगेची किंमत कळायची असेल तर जेंकिन्सचे चरित्र वाचावे.

आता मघाचा धागा पुढे नेऊ. १८५३ सालच्या डिसेंबर महिन्यात दोन मृत्यू झाले. ११ तारखेला नागपुरात तिसरे रघूजी भोसले वारले, आणि ३० तारखेला लंडनजवळ ब्लॅकहीथ येथे रिचर्ड जेंकिन्स वारला. ज्या मुलाला त्याने गादीवर बसवले तो मुलगा आणि तो स्वतः, दोघेही एकाच महिन्यात गेले. राजाला मुलगा नव्हता. राजघराण्यातल्या स्त्रियांनी दत्तकासाठी आग्रह धरला. त्यांत म्हातारी बाकाबाईही होती. पण गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक मानला नाही, आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. चांदाही त्याबरोबर गेला.

जरा विचार करा. १८१८ साली दत्तकच चालला होता. रेसिडेंटच्या संमतीने, रेसिडेंटच्या डोळ्यांदेखत. छत्तीस वर्षांनी तोच रिवाज चालेनासा झाला. रिवाज बदलला नव्हता, गरज बदलली होती. १८१८ मध्ये इंग्रजांना गादीवर कोणीतरी हवे होते, १८५४ मध्ये गादीच नको होती. ज्याच्या हाती दप्तर, तो त्यातला कोणता कागद वर काढायचा आणि कोणता खाली दाबायचा हे ठरवतो. पुढे चारच वर्षांत, १८५८ साली, या नव्या अमलाविरुद्ध बाबूराव शेडमाके उठला, आणि २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली.

त्यानंतरचे तुम्हांला ठाऊकच आहे. गावांवर मालगुजार आले. रानाला सरकारी कायद्याचे कुंपण पडले. १९५१ साली मालगुजारी संपली आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. म्हणूनच आपण त्यांना माजी मालगुजारी, थोडक्यात मामा तलाव म्हणतो. १९६४ साली चांद्याचे चंद्रपूर झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. पण दप्तराचा प्रश्न संपलेला नाही. तो आज तुमच्या गावच्या सभेत येऊन बसला आहे.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणाऱ्या गावाला त्या रानावर सामूहिक हक्क मागता येतो, असे तो कायदा सांगतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने तो मागितला आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर रानावर मिळवला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत मेंढ्याचे नाव घेतात. पण नुसते मागून भागत नाही, पुरावा लागतो. हा पुरावा कोणता चालतो ते कायद्याच्या नियमांत लिहिले आहे. गॅझेटिअर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, निस्तार पत्रक असे सरकारी कागद चालतात. जुनी विहीर, मसणवटी, देवाचे ठाणे अशा खुणा चालतात. आणि दावा करणाऱ्यांखेरीज दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेले, कागदावर उतरवून घेतलेले निवेदनही चालते. एकापेक्षा अधिक प्रकारचे पुरावे बघूनच ग्रामसभेने आणि वरच्या समित्यांनी निर्णय करायचा असतो. जे आदिवासी नाहीत पण रानावर जगतात, त्यांना तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा राबता दाखवावा लागतो.

आता लागला का संबंध? जेंकिन्सच्या कारकुनाने पाटलाला बोलावून जे विचारले ते आपण आपल्या आज्याला विचारले पाहिजे. फरक एवढाच, की प्रश्न आपले असावेत.

गुरुजी, बाई, हे काम तुमच्याखेरीज होणार नाही. शाळेतल्या वरच्या वर्गाच्या मुलांना एकेक जाड वही द्या. गावातली सर्वांत म्हातारी माणसे निवडा. शिव कुठून कुठे जाते, कोणत्या झाडापाशी वळते, ते विचारा. मोह, तेंदू, चारोळी, बांबू कोणत्या बाजूने आणत होते, पायवाटा कोणत्या, गुरे कुठे चरत, पोळ्याला नि पंडुमला कुठे जमत. बोडी कोणी खोदली, पाळ कोण बांधी, पाणी कोणत्या पाळीने सुटे. मसणवटी कुठे, देवाचे ठाणे कुठे. म्हातारी माणसे साल सांगणार नाहीत. तेव्हा ज्या घटनेचे साल पक्के आहे तिच्याशी जोडून विचारा. आजी, मालगुजारी गेली तेव्हा तू केवढी होतीस? म्हणजे १९५१. जिल्हा झाला तेव्हा तुझा मोठा मुलगा शाळेत जात होता का? म्हणजे १९८२. असे चार खांब रोवले की साऱ्या आठवणी आपापल्या जागी बसतात.

सांगणाऱ्याचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवा. गोंडी असेल तर गोंडीत, झाडीपट्टीची बोली असेल तर त्या बोलीत, देवनागरीत लिहिता येते. शुद्ध मराठी करण्याच्या नादात रानातल्या वाटेचे खरे नाव हरवू नका. खाली तारीख घाला, सांगणाऱ्याचा अंगठा किंवा सही घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. चुकले असेल तर चारचौघांत दुरुस्त होईल. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक सांगणाऱ्याच्या घरी ठेवा. वाळवी आणि पाऊस यांना दप्तर फार आवडते, म्हणून एकाच ठिकाणी सगळे ठेवू नका.

कोणी म्हणेल, आमच्या गावाचा दावा आधीच मंजूर झाला, आता कशाला? मंजूर झालेले रान सांभाळायलाही नेम लागतात, आणि जुने नेम माहीत असले तर नवे नीट करता येतात. पाण्याची पाळी, चराईची जागा, मोहाच्या झाडांची वाटणी यांवरून गावात तंटे होतात ते जुना रिवाज विसरल्यामुळेच. लिहिलेले असेल तर निम्मा तंटा वही उघडताच मिटेल.

जेंकिन्स हुशार होता, कष्टाळू होता, आणि आपल्या धन्याशी इमानी होता. त्याचा धनी लंडनला होता आणि त्याने जे लिहिले ते त्या धन्यासाठी लिहिले. म्हणून त्याच्या अहवालात आपला मुलूख आहे, पण आपण फारसे नाही. आता आपला धनी आपणच आहोत. आपल्या गावचे दप्तर लिहायला परक्या साहेबाने यावे, याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. ज्या म्हाताऱ्याला आपल्या रानाच्या चारही शिवा तोंडपाठ आहेत, तो येत्या पावसाळ्यानंतर आपल्यात असेलच असे नाही. वही घ्या नि त्याच्या ओसरीवर जाऊन बसा.